बॅटरीचे पॉइंट

शबनमने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं आणि मुबारकभाईंनी तिला पनवेलच्या घराचं दार बंद केलं. तरी रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर जासईहून हॅम रेडिओवर तिचा आवाज यायचा. "अब्बा, ऐकताय ना?" अलीकडे त्यांनाही बोलावंसं वाटे, पण बोलायचं बटण दाबलं की हातातला सेटच बंद पडायचा. आज त्यांनी बॅटरीचे काळवंडलेले पॉइंट खोडरबराने घासले, दबलेल्या पट्ट्या हलकेच वर उचलल्या आणि बॅटरी परत बसवून सेट चालू केला. तेवढ्यात शबनम म्हणाली, "नाही बोललात तरी चालेल, अब्बा. तुम्ही बटण दाबता तेव्हा इकडे टक्क आवाज येतो. तेवढा मला पुरतो."

मुबारकभाईंनी बटण दाबलं. सेट चालू राहिला.

"मला नाही पुरत," ते म्हणाले. "घरी ये."