शेंदराखालचा चेहरा

टॉर्चएवढा लेसर देवीच्या मूर्तीसमोर धरून अनघा पुन्हा पुन्हा बटण दाबत होती. प्रत्येक झोताबरोबर शेंदराचा एक पापुद्रा उडून जाई. दगड लागताच झोत आपोआप थांबावा, अशीच तिने यंत्राची रचना केली होती. सकाळपासून तो एकदाही तसा थांबला नव्हता. कमरेएवढी घाटजाई आता नारळाएवढी उरली होती.

"मशीन बिघडलं असेल, ताई," परशराम गुरव म्हणाले.

तिने लेसर दगडी पायरीवर रोखला. झोत लगेच थांबला.

"काका, आत दगडच नाहीये. नुसता शेंदूर आहे."

"असं कसं? पिढ्यान्‌पिढ्या लावतोय आम्ही. पहिल्यांदा कशाला तरी लावला असेल ना?"

देवीचा मूळ चेहरा बघायला अख्खा गाव दाराबाहेर ताटकळत होता. गुरवांनी उरलेल्या गोळ्यावर देवीची साडी पांघरली.

"शेंदूर परत चढेपर्यंत दर्शन बंद, असं मी सांगतो. पण चेहरा कसा होता, ते तुम्हालाच विचारतील."

"काय सांगू?"

गुरवांनी साडीचा पदर सारखा केला. "हसरा होता म्हणा."

दार उघडताच सोनाबाई म्हातारीने तिला गाठले. "कसा होता गं चेहरा?"

"हसरा होता, आजी."

"आणि डाव्या गालाला खळी. माझ्या सासूबाई सांगायच्या. होती ना?"

अनघाने वळून गुरवांकडे पाहिले. तेही तिच्याचकडे बघत होते.