वीतभर मोटारसायकल

सासऱ्यांचा जुन्या मोटारसायकलीत अडकलेला जीव एकदा सुटला की गाडी आपलीच, असा रत्नपालचा सरळ हिशेब. त्यानं तिचं प्लास्टिकचं मॉडेल किट मागवलं आणि सुटे भाग जोडून वीतभर गाडी उभी केली. टाकीला खऱ्या गाडीसारखाच पोचा पाडला, सायलेन्सरला ब्रशनं गंज चढवला, मोडका आरसाही दोऱ्यानं बांधला, आणि नेऊन सासऱ्यांच्या, ग्यानोबांच्या हाती ठेवली.

पंधरवड्यानं तो हेल्मेट घेऊनच एसटीनं शिरड शहापूरला उतरला. मॉडेल टीव्हीशेजारी होतं, अंगण रिकामं.

"आता हिच्यातच सारं दिसून राहिलं, जावाईबापू. जीव सुटला बघा," ग्यानोबा म्हणाले. "मोठी कालच भंगारवाल्याला देली. तुमच्यासारख्या शौकिनाला तसलं खटारं कसं द्यावं?"



रत्नपालनं परतीचंही एसटीचंच तिकीट काढलं, हेल्मेट मांडीवर ठेवून.