चित्रातली बाई

लेक वर्गात बोलत न्हाई म्हणून गुरुजींनी बुद्धीची तपासणी करून आणायला सांगितलं. केदारखेड्याहून तिला घेऊन जालन्याला गेल्ते. तपासणाऱ्या मॅडम एकेक चित्र पुढं ठेवून विचारीत होत्या, "यात काय कमी आहे?" मांजराची शेपटी, टेबलाचा पाय, लेकीनं पटापट सांगितलं. मंग एका बाईच्या तोंडाचं चित्र आलं. तिनं चित्राकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं. "काहीच कमी न्हाई." मॅडमनी फुली मारली अन् मला म्हणाल्या, "कपाळावर कुंकू नाही, एवढंही हिला कळत नाही." माझं डोकंच फिरलं. हिचा बाप गेला तव्हा बायांनी माझं कुंकू पुसलं, ते हिनं माझा पदर धरून पाह्यलं. मॅडमच्या कपाळावर तरी कुठं टिकली होती? मी चित्र त्यांच्या तोंडापाशी धरलं. "ही बाई अधुरी असंल तर पहिली फुली माझ्यावर मारा, दुसरी सोतावर."