कस्तुराबाईंचा नेम

“हेच का तुमचं देवतळं?” पहिल्या पायरीवर उभं राहूनच रंगूबाईंनी नाक मुरडलं. “आमच्या अकोल्यात म्हशी धुवाले याच्याहून बरं पाणी हाय.”

कस्तुराबाई खाली उतरल्या. ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं आणि वर आल्या. बोलल्या काही नाहीत.

“त्या बोलत नाहीत,” रंगूबाई लेकीला, बेबीताईला म्हणाल्या. “चातुर्मासात दिवा लागेपर्यंत मौन राह्यते यायचं. आता पुनवेलेच सुटंल.”

कार्तिकातली तेरस होती. विहीण सकाळी दारात पाय ठेवतानाच म्हणाली होती, “बोलू नका विहीनबाई, तुमचं मौन असंल.” कस्तुराबाईंनी नुसते हात जोडले. त्यानंतर दुसऱ्या कोणाला तोंड उघडायला रंगूबाईंनी जागाच ठेवली नाही. बाजरीच्या भाकरीला आणि वांग्याच्या भरताला नावं ठेवत त्यांनी दोनदा वाढून घेतलं. कस्तुराबाई त्याच पंगतीत खाली मान घालून जेवल्या.

जेवताना रंगूबाईंनी आपलं म्हणणं सांगितलं. पोळ्यापासून त्यांची पुतळ्यांची माळ दिसत नव्हती. माळ सुनेनं, म्हणजे वच्छलानं उचलली, असं म्हणून त्यांनी तिला माहेरी धाडलं होतं. आज तिनं चार माणसांपुढे चोरी कबूल करावी, सासूचे पाय धरावे. मग तीनच्या यष्टीनं तिला नेतील. नाही तर मुलाला, शेषरावाला दुसरी बायको पाहतील.

“तोवर तुमी पोरीले समजवा, जानरावभाऊ,” त्या व्याह्याला म्हणाल्या. “आमी गाव पाहून येतो. विहीनबाई दाखवतील. लय नाव आयकलं तुमच्या वाशिमचं.”

बालाजीच्या देवळात रंगूबाई मूर्तीपुढे जेमतेम उभ्या राहिल्या. “एवढासाच देव! अन् गोष्टी केवढ्या!” हातावरचा प्रसाद त्यांनी जिभेला लावून पाहिला आणि उरलेला दाराशी आलेल्या बकरीपुढे टाकला. मध्यमेश्वराला तर त्या आत गेल्याच नाहीत. बाहेर ओट्यावर बसून पाय चोळत राहिल्या.

“राजाची राजधानी होती म्हणे इथं,” बेबीताई म्हणाली.

“असंल. राजाले दुसरं गाव भेटलं नसंल.”

कस्तुराबाई आत शंभूला बेल वाहून आल्या आणि पुढे चालू लागल्या. मागे मायलेकी. चढ लागला की रंगूबाई गावाला बोलत, उतार लागला की सुनेला.

पद्मतीर्थावर ऊन कलतं झालं होतं. कस्तुराबाई शेवटच्या पायरीवर बसल्या. पदराआडून पणती काढली आणि वात भिजवू लागल्या. दोन पायऱ्या वर मायलेकी टेकल्या. रंगूबाईंनी तीर्थाच्या पाण्यानं खळखळून चूळ भरली आणि तिथंच टाकली.

“आई, ते माळ मी आता घालू का?” बेबीताईनं विचारलं. “किती दिवस पेटीत ठेवू?”

“हळू बोल ना, बाई.”

“काहून? कोण आयकते इथं?”

रंगूबाईंनी खाली पाहिलं आणि हसल्या. “यायचं भेव नको धरू. मौनात कानावर पडलेलं मौन सुटल्यावरही तोंडातून काढायचं नाही, असा नेम हाय यायचा. मागच्या साली शेजारणी यायच्या ओट्यावर भांडल्या. साक्षीले बलावलं, त हात जोडून उभ्या राह्यल्या. देवळाच्या भिंतीले सांगतलं काय, अन् यायले सांगतलं काय!”

“मंग घालू ना माळ?”

“वच्छीनं एकदा पाय धरले की घाल. म्हणू, तिनंच परत केली.”

“अन् नाहीच धरले त?”

“बाप धरवंल. लेक घरी येऊन बसली, त कोणत्या बापाले झोप लागते?” मग त्या वाकून मोठ्यानं म्हणाल्या, “आयकलं तरी आयकलं नाही, काय विहीनबाई?”

कस्तुराबाईंनी पणती पाण्यावर सोडली. ती डुगडुगली, सावरली आणि हळूहळू आत गेली.

घरी जानरावांनी काम उरकलं होतं. शेजारचे पंजाबराव आणि आणखी तिघे साक्षीला बसले होते. वच्छला मधोमध उभी होती. डोळे सुजले होते. रंगूबाई पाटावर बसल्या, पाय पुढे केले.

“वाक माय,” जानराव खालच्या आवाजात म्हणाले. “एक डाव वाक. सुटून जाशील.”

वच्छला वाकली. तिचा हात पायाला लागणार, तोच कस्तुराबाईंनी तिला दंडाला धरून सरळ उभं केलं.

“हे काय?” रंगूबाई खेकसल्या. “यष्टी चुकंल आमची. अन् तुमचे इशारे नाही समजत आमाले.”

“माळ बेबीताईच्या पेटीत हाय,” कस्तुराबाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. “मघा पद्मतीर्थाच्या पायरीवर दोघी मायलेकी बोलल्या. मी आयकलं.”

बेबीताईनं आईकडे पाहिलं. पंजाबरावांनी बेबीताईकडे पाहिलं. रंगूबाईंचे पाय आपोआप लुगड्याआड गेले.

“मौनातलं बोलल्या!” त्या ओरडल्या. “नेम मोडला! चार महिन्यांचं पुण्य पाण्यात घातलं! आता काय तोंड दाखवसान देवाले?”

कस्तुराबाईंनी पदरानं लेकीचे डोळे पुसले.

“सकाळी तुमच्या पंगतीत मी भरीत खाल्लं, विहीनबाई. चातुर्मासात मी वांग्याले हात लावते का? माहे सारे नेम कालच्या दिशी, बारशीलेच सुटले.”