एकतिसावं डोकं

एकतीस.

मारियेताने पुन्हा मोजलं. या वेळी उलट्या बाजूने, शेवटच्या लाल टोपीपासून. एकतीस. जहाजावरून उतरताना तीस होते. तिने स्वतःच्या हाताने तीस छात्यांवर तीस गोल पिवळे स्टिकर चिकटवले होते, चौदा नंबरचे. माणसं वाटेत हरवतात. वाढत नाहीत.

मागच्या मंगळवारी एक बाई हरवली होती. कॅथेड्रलच्या बाकावर झोप लागली तिला, आणि जहाज अर्धा तास खोळंबलं. एजन्सीचा मालक झ्वोनको ओरडला नाही, म्हणूनच मारियेताला जास्त भीती वाटली. पुन्हा आकडा चुकला तर काठीवरची ही चौदा नंबरची पाटी दुसऱ्या कुणाच्या हातात असेल, एवढंच तो म्हणाला. तोवर ती फक्त उतरताना आणि चढताना मोजायची, आता प्रत्येक थांब्यावर मोजत होती.

एक जास्त म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी एक कमी. नऊ नंबरची पाटी घेऊन दुसरी गाइड लूत्से समोरून येत होती. तिने आपली माणसं मोजली. तिची पूर्ण होती.

"ठेवून घे," लूत्से म्हणाली. "मागच्या मंगळवारचा भरून निघाला."

वेशीचा दरवाजा. एकतीस.

जहाजावरून न आलेलं कुणी आहे का, असं तिने मोठ्याने विचारलं. सगळे हसले. सकाळपासून ते सगळ्यालाच हसत होते. प्रत्येकाच्या छातीवर पिवळा ठिपका होता, प्रत्येक ठिपक्यात चौदा. समुद्रावरून यूगो सुटला होता, दमट, डोकं जड करणारा वारा. यूगोत या गावात कुणी करार करत नाही, लग्न ठरवत नाही. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याचं म्हणणं, मोजूही नये.

तळघर. एकतीस. पण तिथे अंधार, ते धरायचं नाही.

चौक. एकतीस.

मग ती अरुंद गल्ली, जिथे ती दर मंगळवारी थांबायची. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बोट दाखवून सांगायची की इथे तेरेझाकाकू राहतात आणि त्यांना आवाज खपत नाही. मोठ्याने बोलणाऱ्या गाइडवर त्या वरून बालदी ओततात. एरवी भाजी धुतलेलं पाणी, शुक्रवारी मासे धुतलेलं. मारियेताच्या पहिल्याच दिवशी तिच्यावर ओतली होती. तेव्हा तिला दिसला तो फक्त एक हात, कोपरापर्यंत ओला. सगळा घोळका मान वर करून, अंग चोरून उभा राहायचा. दिवसभरातलं सगळ्यात मोठं हसू तिथेच फुटायचं.

तेरेझाकाकू फेब्रुवारीत गेल्या. गल्लीच्या तोंडाशी काळ्या चौकटीचा कागद लागला होता, पावसाने तो उतरवला. मारियेता तरी ती गोष्ट सांगतच राहिली. पाहुण्यांना काय कळणार. पण आता ते घर पाहुण्यांना भाड्याने देतात, खिडकीला नवी पांढरी चौकट आहे, आणि नव्या मालकांनी तक्रार केली होती. खिडकीखाली थांबायचं नाही, झ्वोनकोने बजावलं होतं.

ती थांबली नाही. पाटी उंच धरून झपाझप पुढे गेली.

गल्लीबाहेर, विहिरीपाशी. तीस.

एक श्वास सुटला. दुसरा अडकला. कोण गेलं? वाढलेलं, की तिचंच कुणी? तिने चेहरे आठवून पाहिले. तीस चेहऱ्यांवर एकच ऊन, एकच टोपी. घोळक्याला विहिरीपाशी थांबवून ती माघारी धावली.

खिडकीखाली एक म्हातारा उभा होता. डोक्यावर कुणीतरी टाकून दिलेली लाल टोपी, इस्त्रीचा शर्ट, पायांत सुट्टीच्या दिवसाचे बूट. शर्टावर चौदा. स्टिकरच्या कडा वळलेल्या होत्या, मागे हिरव्या रंगाचे पोपडे निघून आले होते, आणि तो टाचणीने लावला होता. संध्याकाळी जहाजावर चढताना पाहुणे आपले स्टिकर बंदरातल्या दिव्याच्या हिरव्या खांबावर चिकटवून जातात. हा तिथला होता. किती मंगळवारांपूर्वीचा, कोण जाणे.

"बार्बा, तुम्ही इथलेच ना?" गावात म्हाताऱ्या माणसांना हाक मारतात तशी हाक मारून तिने गावच्याच बोलीत विचारलं. "मग आमच्यात काय करताय?"

म्हाताऱ्याने खिडकीवरची नजर काढली नाही.

"पोरी, आज तू तिला पाणी ओतू दिलं नाहीस."

मारियेताला काही कळेना. मग तो सांगू लागला, तेही वर बघतच. आता तो मुलाकडे असतो, गावाबाहेर, नवव्या मजल्यावर. तिथल्या खिडकीतून खाली माणसंच दिसत नाहीत. दर मंगळवारी तो बसने येतो. घोळक्यात कुणी काही विचारत नाही, हे त्याला बरं वाटतं. परक्या बोलीतलं त्याला समजत नाही, पण त्या गोष्टीत नाव कुठे येतं आणि हसू कुठे फुटतं, हे आता पाठ झालं आहे.

"चव्वेचाळीस वर्षं," तो म्हणाला, "बालदी मीच भरून ठेवायचो."

खिशात फोन वाजला. झ्वोनको. किती आहेत, त्याने विचारलं.

मारियेताने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. लाल टोप्या विहिरीपाशी चुळबुळत होत्या.

"एकतीस," ती म्हणाली. पलीकडून तो काहीतरी विचारत असतानाच तिने फोन ठेवून दिला आणि पाटी उंच करून हलवली.

घोळका परत आला, गल्लीत दाटीवाटीने उभा राहिला. मारियेताने खिडकीकडे बोट दाखवलं. इथे तेरेझाकाकू राहतात, ती सांगू लागली, आणि त्यांना आवाज खपत नाही. शेवटी नेहमीसारखं म्हणाली, जरा मागे सरका, आज मंगळवार आहे, फक्त भाजीचं पाणी येईल.

तीस जण हसत दोन पावलं मागे सरले. म्हातारा दोन पावलं पुढे झाला, बरोबर खिडकीखाली, आणि त्याने डोळे मिटून तोंड वर केलं.