पंचाहत्तरीचा थाट

म्हातारपणातल्या विस्मरणावर सयाजीगंजातल्या एका इस्पितळात संशोधन चालू होतं, म्हणून पीयूष वडिलांना, गोविंदरावांना, तिथे घेऊन गेला. मेंदूचे फोटो स्वच्छ निघाले, आणि निरोगी म्हाताऱ्यांच्या गटात त्यांचं नाव जवळजवळ पक्कं झालं. राहिली होती एकच रीत. घरच्या माणसाने अलीकडचा एखादा प्रसंग डॉक्टरांना एकांतात सांगायचा, मग म्हाताऱ्याला तो आठवतो का ते बघायचं.

सांगताना पीयूषने हात अजिबात आखडता घेतला नाही. गेल्याच महिन्यात बाबांची पंचाहत्तरी केली, हॉल घेतला, दिव्यांनी ओवाळलं, श्रीखंडाच्या पंगती उठल्या, बाबांचे तर डोळेच भरून आले! डॉक्टरीणबाई विरघळल्या. "दीकरो होय तो आवो! मुलगा असावा तर असा!"

मग गोविंदरावांना आत बोलावलं.

"काका, गेल्या महिन्यात वाढदिवस कसा झाला?"

"व्हायचाय कसला? लहरीपुऱ्यात जाऊन एकटाच सेव-उसळ खाऊन आलो."

"हॉल, ओवाळणं, श्रीखंड... काहीच आठवत नाही?"

गोविंदरावांनी पीयूषकडे पाहिलं. तो खाली मान घालून, मोठ्या सराईत दुःखाने सुस्कारे टाकत होता.

"नाही बुवा," ते म्हणाले. "माझ्याच डोक्यात बिघाड असेल."

बाईंनी हळहळत त्यांचं नाव रुग्णांच्या गटात घातलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

रिक्षात बसल्यावर पीयूषला कंठ फुटला. "गोळ्या वेळेवर घ्या हं, बाबा."

 

"घेईन की. पण पुन्हा माझी पंचाहत्तरी केलीस, तर मलाही बोलव."