एकतीस-एकतीस

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊनही खेळायच्या फुटबॉलच्या, मोसमाचा शेवटचा सामना होता. क्लबच्या सर्वाधिक गोलांच्या बक्षिसासाठी मेंढ्या भादरणारी मेरिन आणि धान्याचा ट्रक चालवणारी टॅमसिन एकतीस-एकतीसवर अडल्या होत्या. आता दोघी चेंडूसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणार आणि त्यात आमची बाद फेरी बुडणार, या धास्तीने मला, म्हणजे त्यांच्या प्रशिक्षकाला, आठवडाभर जेवण गेलं नाही.

सामन्यात भलतंच घडलं. मेरिन गोलखांबांसमोर एकटी, चेंडू हातात, आणि वळून म्हणते कशी, "टॅम, तूच मार."

"नको गं, तुझी किक सरळ जाते. तू मार."

शेवटपर्यंत हेच चाललं. दोन्ही संघांची बरोबरी असताना, सामना संपल्याचा भोंगा वाजायच्या आत टॅमसिनला मारणं भागच पडलं. चेंडू मधल्या खांबांच्या बाजूने गेला. त्याचा गोल होत नाही, पण एक गुण मिळतो. तेवढ्यावर आम्ही जिंकलो. एवढा निःस्वार्थीपणा मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये अध्यक्षांनी हातातलं सॉसेज खाली ठेवून जाहीर केलं, "बक्षीस दोघींना विभागून. आता दरवर्षीसारखं विजेत्याचं भाषण. म्हणजे यंदा दोन."

दोनशे माणसं वळून बघायला लागली. टॅमसिन पांढरीफटक पडली. दिवसाला दीडशे मेंढ्या आडव्या पाडणारी मेरिन माइककडे बघत दातओठ खात तिला म्हणाली, "शंभरदा सांगत होते ना तुला, तूच मार म्हणून?"